दोन झडपांमधली फट

एका झडपेचं दार चारही बाजूंनी चौकटीवर टेकतं. चौकट भिंतीत पक्की बसलेली असते, हलत नाही. त्यामुळे दार नीट टेकलं की काम झालं. फ्रेंच दाराच्या दोन्ही झडपा मात्र तीन-तीन बाजूंनी चौकटीवर टेकतात आणि चौथ्या बाजूने एकमेकींवर. मधल्या उभ्या सांध्यात हलणारी वस्तू हलणाऱ्याच वस्तूवर विसावलेली असते. ब्रिटनमध्ये घराच्या मागच्या खोलीतून बागेत उघडणाऱ्या या काचेच्या दारांतून हिवाळ्यात गार वारा का शिरतो, याचं निम्मं उत्तर या रचनेत आहे.

उरलेलं निम्मं लांबीत आहे. 1.8 मीटर रुंद आणि 2.1 मीटर उंच दार घ्या. कडेचा घेर 7.8 मीटर आणि मधला सांधा 2.1 मीटर, म्हणजे जवळपास 10 मीटर सांधा. त्यात सरासरी एक मिलिमीटर फट राहिली तरी एकूण क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद भोक. अरुंद फटीतून हवा घासत जाते, म्हणून सलग भोकातून येईल तितकी ती येत नाही. पण अहोरात्र येत राहते.

त्यासाठी वारा सुटलेला असायलाही लागत नाही. घरातली हवा 20 अंशांवर आणि बाहेरची शून्यावर असेल, तर आतली हलकी हवा वर चढते आणि वरच्या मजल्यावरच्या फटींतून, छपरातून निसटते. तिची जागा घ्यायला खालच्या मजल्यावर थंड हवा ओढली जाते. फ्रेंच दारं बहुतेक तळमजल्यावर असतात, म्हणून हा ओढा नेमका त्यांच्यावर येतो. कोकणातल्या घरात दाराच्या फटीतून हवा आली तर कोणी तक्रार करत नाही, उलट बरं वाटतं. इंग्लंडमधल्या रेडिंग किंवा मिल्टन कीन्समध्ये पहिलं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला तीच फट हीटिंगच्या बिलात दिसते.

मग बहुतेक जण दुकानातून चिकटपट्टीचा फोम आणतात आणि दिसेल त्या फटीत भरतात. चार दिवस बरं वाटतं, पुढे हँडल जड होतं आणि एके दिवशी किल्ली फिरेनाशी होते. कारण हे दार रबराच्या कडेवर सगळीकडे सारख्या दाबाने टेकलं तरच बंद होतं. दाब एका कोपऱ्यात सुटला की तिथून वारा येतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात जास्त झाला की तिथले कुलपाचे भाग मोडतात. फट आणि मोडतोड ही बहुतेक वेळा एकाच दुखण्याची दोन टोकं असतात. या प्रकरणात दोन्ही एकत्र घेतली आहेत ती म्हणूनच.

दाराची ओळख

जमिनीपर्यंत उतरणाऱ्या, दोन झडपांच्या उंच खिडक्या सतराव्या शतकात फ्रान्समधल्या बड्या घरांत रुळल्या आणि तिथून इंग्लंडमध्ये आल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या लंडनच्या दिवाणखानी नाटकांत असं दार ठरलेलं असायचं. पात्रं टेनिसची रॅकेट हातात घेऊन बागेतून थेट रंगमंचावर यायची. पुढे 1980 च्या दशकापासून यूपीव्हीसी या कडक प्लॅस्टिकच्या चौकटी आणि दुहेरी काचा स्वस्त झाल्या, तसं हे दार साध्या घरांतही पोचलं. आज दुरुस्तीला येतात त्यांत बहुसंख्य दारं यूपीव्हीसीचीच असतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

दोन झडपांपैकी रोज उघडतो ती मुख्य. तिच्यात हँडल, किल्ली आणि उभ्या कडेने वरपासून खालपर्यंत गेलेली कुलपाची लांब पट्टी असते. दुसरी दुय्यम, तिच्या कडेत वर एक आणि खाली एक असे दोन बोल्ट असतात, ते चौकटीत आणि उंबरठ्यात शिरतात. ब्रिटनमधल्या दुकानांत यांना ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ म्हणतात, भाग मागवताना तीच नावं सांगावी लागतात. दुय्यम झडप आधी बंद होते, मग मुख्य झडप तिच्यावर येऊन बसते. म्हणजे मुख्य झडपेला लागणारा सगळा आधार दुय्यम झडपेच्या त्या दोन बोल्टांवर अवलंबून असतो. खालचा बोल्ट अर्धाच शिरला असेल, तर मुख्य झडपेची कितीही डागडुजी केली तरी मधला सांधा सैलच राहतो.

फट शोधायची कशी

साधन म्हणजे उदबत्ती. बाहेर थंडी असेल अशा संध्याकाळी घरातल्या सगळ्या खिडक्या बंद करा आणि स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा लावा. घरातल्या हवेचा दाब किंचित उतरतो आणि बाहेरची हवा प्रत्येक फटीतून जोराने आत येते. लपलेली फटही मग लपत नाही. घरात शेगडीची आग किंवा चिमणीवर चालणारं गॅसचं उपकरण पेटलेलं असेल, तर मात्र पंखा लावू नका. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड उलटे खोलीत ओढले जाऊ शकतात. पडदे बाजूला सारा, धुराचा अलार्म कुठे आहे ते पाहा आणि उदबत्ती सांध्यापासून दोन बोटं लांब धरून हळूहळू फिरवा.

धूर चार तऱ्हांनी वागतो. सांध्याजवळ तो आडवा, खोलीकडे फेकला गेला तर झडप आणि चौकट यांच्यामधलं रबर टेकत नाही. काच आणि तिच्याभोवतीची पट्टी यांच्यामधून फेकला गेला तर काचेचं रबर आखडलं आहे. चौकट आणि भिंत यांच्यामधून आला तर बाहेरचा सीलंट तुटला आहे, दाराचा त्यात काही दोष नाही. आणि सांध्यापाशी शांत राहून धूर काचेच्या अंगाने खाली घसरत गेला, तर फट नाहीच. थंड काचेला लागून हवा गार होते, जड होते आणि खाली येऊन जमिनीवरून पायांशी पोचते. याला रबर बदलून उपयोग नाही. जमिनीपर्यंतचा जाड, अस्तराचा पडदा किंवा चांगली काच हाच त्यावरचा उपाय.

फटीची जागा कळली की दाब मोजायचा, त्याला कागदाची पट्टी पुरते. पट्टी सांध्यात ठेवून दार बंद करा, हँडल वर उचलून कुलूप लावा आणि पट्टी ओढा. ती अडखळत निघाली तर दाब ठीक. अलगद निघाली तर त्या जागी रबर टेकतच नाही. फाटली तर तिथे दाब जास्त. दर वीतभर अंतरावर ही चाचणी करून चौकटीला लावलेल्या कागदी टेपवर पेन्सिलीने खूण करत गेलं की दाराचा नकाशाच तयार होतो. सगळीकडे सारखीच सैल लागत असेल तर रबर म्हातारं झालं आहे. वरच्या कोपऱ्यात घट्ट आणि खालच्या कोपऱ्यात सैल, किंवा उलट, असेल तर झडप झुकली आहे किंवा पिळली आहे. पुढची सगळी कामं या नकाशावरून ठरतात.

आधी झाडू

उंबरठ्याच्या खाचेत माती, शेवाळ, सुकलेली पानं आणि बागेतले बारीक खडे साचतात. दुय्यम झडपेचा खालचा बोल्ट ज्या भोकात शिरतो, ते हमखास भरलेलं असतं. जुन्या टूथब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद तोंडाने ते साफ केलं की बोल्ट कधी कधी पाच-सात मिलिमीटर जास्त खाली उतरतो आणि मधला सांधा आपोआप आवळतो. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून काढावं.

उंबरठ्यात, बाहेरच्या अंगाला, लहान लांबट खाचा असतात. काही ठिकाणी त्यांच्यावर प्लॅस्टिकची टोपी असते. यूपीव्हीसीच्या चौकटीत पावसाचं थोडं पाणी शिरतंच, ते बाहेर जाण्याची ही वाट आहे. वारा येतो म्हणून या खाचा सिलिकॉनने बुजवल्या तर पाणी आत साचतं आणि उंबरठ्यावरून खोलीत येतं. काडी घालून त्या मोकळ्या करा, बुजवू मात्र नका.

झडप सरळ करणं

दोन्ही झडपा बंद करून त्यांच्या वरच्या कडा पाहा. एका रेषेत नसतील तर एक झडप खाली बसली आहे. उंबरठ्यावर ओरखडा असेल तर शंकाच नको.

काचेचं वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो असतं. चार मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला 20 किलो. एका झडपेतली काच साधारण 0.7 बाय 1.8 मीटरची धरली तर वजन 25 किलोच्या आसपास जातं. हे सगळं वजन एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकलेलं असतं, म्हणून हँडलकडचा कोपरा वर्षानुवर्षं खाली यायला बघतो.

पहिला उपाय बिजागऱ्यांचा. एका झडपेला साधारण तीन बिजागऱ्या असतात. त्यांच्यावरची प्लॅस्टिकची टोपी काढली की आत चार किंवा पाच मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने फिरणारे स्क्रू दिसतात. काही बिजागऱ्या तिन्ही दिशांना सरकतात: डावी-उजवी, वर-खाली आणि आत-बाहेर. काहींत एकच सोय असते. एका वेळी पाव फेरा फिरवा, तिन्ही बिजागऱ्यांवर हिशेबाने फिरवा आणि प्रत्येक वेळी दार लावून बघा. उंची बदलताना झडपेखाली लाकडी पाचर सारून भार उचलून धरा, नाहीतर स्क्रूचे आटे खराब होतात. आधी दुय्यम झडप, मग मुख्य. हा क्रम उलटा केला तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

बिजागऱ्यांनी भागलं नाही तर दोष काचेच्या बसवणुकीत असतो. यूपीव्हीसीची झडप स्वतः ताठ नसते, तिला ताठ ठेवते ती काच. काच बसवताना तिच्या कडेला प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या, म्हणजे पॅकर, घालतात. जाडीप्रमाणे त्यांचे रंग वेगळे असतात. त्या कुठे घालायच्या याला नियम आहे: एक बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, दुसरी तिच्या तिरप्या समोर, हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यात. या दोन चकत्यांमध्ये काच तिरकी अडकते आणि हँडलकडच्या कोपऱ्याचा भार तिच्यातून खालच्या बिजागरीवर उतरतो. चकती सरकली किंवा बसवणाऱ्याने घातलीच नसेल, तर झडप चौकोनाची समांतरभुज होते आणि बिजागरीचे स्क्रू कितीही फिरवले तरी सरळ होत नाही.

हे काम दोन माणसांचं. आतल्या बाजूची काच धरणारी पट्टी रुंद पात्याच्या पटाशीने मधोमध उचकटून काढतात. आधी लांब पट्ट्या काढायच्या, परत बसवताना आधी आखूड. मग चपट्या पात्याने काच किंचित उचलून कमी पडलेल्या जागी जाड चकती सारायची. दारातली काच ब्रिटनच्या नियमांप्रमाणे सुरक्षित प्रकारची असावी लागते, आणि बहुधा ती टफन्ड असते. कोपऱ्यात तसा शिक्का दिसतो. तिच्या पृष्ठभागाला ठोसा सोसतो, पण कडेला धातूचा टोला बसला तर अख्खी काच क्षणात चुरा होते. म्हणून इथे हातोडी नको, हातमोजे आणि चष्मा हवा. भाड्याचं घर असेल तर यातलं काहीही करण्याआधी घरमालकाला कळवावं. इंग्लंडमध्ये घरमालक-भाडेकरूंबद्दलच्या 1985 च्या कायद्यानुसार सर्वसाधारण भाडेकरारात घराच्या बाहेरच्या भागाची, दारांसकट, दुरुस्ती मालकाकडे असते.

दाब परत आणणं

झडप सरळ झाली की कागदाची चाचणी पुन्हा करा. अजून सैल लागत असेल तर कुलपाच्या पट्टीकडे वळा. बऱ्याच पट्ट्यांवर गोल डोक्याच्या खुंट्या असतात. हँडल उचललं की त्या सरकून चौकटीवरच्या पत्र्यामागे जातात आणि झडप आत खेचतात. या खुंट्यांचा मध्य थोडा एका बाजूला असतो, त्यामुळे अ‍ॅलन कीने वा पान्याने अर्धा फेरा फिरवल्या की झडप एखादा मिलिमीटर जास्त आत येते. काही दारांत खुंटीऐवजी चौकटीवरचा पत्राच पुढे-मागे सरकवता येतो. पुरेसा दाब ओळखायचा कसा? कागद अडखळला पाहिजे आणि हँडल मात्र एका हाताने, जोर न लावता उचललं गेलं पाहिजे. कागद फाटेपर्यंत आवळलेलं दार पुढच्या मोडतोडीची तयारीच करत असतं.

रबर

रबर बदलायचं ते आता, एवढं सगळं झाल्यावर. ईपीडीएम नावाचं काळं रबर या कामाला नेहमी वापरतात. उन्हाने आणि वर्षांनी ते कडक होतं, चपटं होतं आणि आखडतं. आखडल्याची खूण कोपऱ्यात दिसते: दोन तुकडे एकमेकांपासून सुटून मध्ये मोकळी जागा पडलेली असते. जुनं रबर खाचेत बसवलेलं असेल तर बोटभर तुकडा कापून काढा आणि नवं घेताना तो समोर ठेवा. खाचेत जाणाऱ्या दांड्याचा आकार जुळला पाहिजे, नुसती रुंदी जुळून चालत नाही. काही दारांत रबराऐवजी आत फोम आणि वर गुळगुळीत प्लॅस्टिकचं आवरण असलेली पट्टी असते. ती अधिक दबते, म्हणून किंचित वाकड्या दाराला उपयोगी पडते.

बसवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे ताणणं. ताणून बसवलेलं रबर काही आठवड्यांत मूळ लांबीवर येतं आणि कोपरे पुन्हा उघडतात. तुकडा थोडा लांब कापा, दोन टोकं आधी बसवा, मग मधला भाग मागे लोटत खाचेत दाबा. कोपरे 45 अंशांत कापून जुळवा. खाचेत साबणाचं पाणी लावलं की रबर सहज सरकतं. खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, ईपीडीएम त्याने फुगतं. लावायचंच तर सिलिकॉनचा स्प्रे.

चिकटवायच्या पट्ट्यांची नावं त्यांच्या आडव्या छेदाच्या अक्षरावरून पडली आहेत. ‘ई’ साधारण 1 ते 3.5 मिलिमीटरच्या फटीला, ‘पी’ 2 ते 5 मिलिमीटरला आणि ‘डी’ त्याहून थोड्या मोठ्या फटीला. यूपीव्हीसीच्या दारात खाचेतलं रबर असताना त्याच्यावर आणखी ही पट्टी चिकटवू नये. ती लाकडी दारासाठी ठीक.

जिथे तीन सांधे भेटतात

उदबत्ती एका जागी जवळजवळ नेहमीच हलते: मधल्या उभ्या सांध्याच्या अगदी वर आणि अगदी खाली. तिथे मुख्य झडप, दुय्यम झडप आणि चौकट अशा तिघी भेटतात आणि तिघींचं रबर तिथे तुटक असतं. ही जागा नीट दिसावी म्हणून मुख्य झडप उघडा आणि गुडघ्यावर बसून दुय्यम झडपेची कड पाहा. तिच्यावर उभी प्लॅस्टिकची पट्टी बसवलेली असते, दोन झडपांमधला सांधा झाकणारी. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना आगपेटीहून लहान टोप्या असतात, काहींना रबराची जीभ असते. खालची टोपी पायांचे, सायकलचे, कुंड्यांचे धक्के खाऊन तुटते किंवा गळून पडते. आणि तिथे बोटभर बोगदा उघडा राहतो.

हा भाग अगदी स्वस्त, पण मिळवायला कटकटीचा, कारण प्रत्येक बनावटीच्या पट्टीची टोपी वेगळी. चौकटीच्या आतल्या खाचेत बनावटीचं नाव छापलेलं सापडू शकतं. वरची टोपी शाबूत असेल तर ती काढून, मोजून, फोटो काढून मागवावी. तोवर दाट फोमचा तुकडा कापून ती जागा भरता येते. फोमचा या दारात योग्य वापर असा एवढाच.

बोल्टांची टोकंही पाहून घ्या. ती झिजली किंवा तुटली असतील तर दुय्यम झडप वाऱ्याने खडखडते. बोल्ट चालवणारा लहान खटका तुटला तर दुय्यम झडपेच्या कडेतला तेवढाच भाग दोन-तीन स्क्रू काढून बदलता येतो.

हँडल, सिलिंडर आणि पेटी

किल्ली फिरत नाही म्हणून कुलूप बदलायला निघण्याआधी एकच चाचणी करा. दार उघडं ठेवा, हँडल वर उचला आणि किल्ली फिरवा. उघड्या दारात ती सहज फिरली तर कुलूप धडधाकट आहे. बंद दारात कुलपाच्या पट्टीतून बाहेर येणारे आकडे, म्हणजे हूक, आपल्या भोकांसमोर येत नाहीत, एवढंच. मग मागे जा, झडप सरळ करा. उघड्या दारातही अडकत असेल तरच कुलपाचा दोष. ही चाचणी झाल्यावर आकडे आत घेतल्याशिवाय दार लोटू नका, चौकटीवर आपटून ते वाकतात.

हँडल खाली लोंबकळत असेल पण कुलूप नीट चालत असेल, तर हँडलमधली स्प्रिंग गेली आहे. नवं हँडल घेताना दोन मापं लागतात. हँडलच्या चौकोनी दांड्याच्या मध्यापासून किल्लीच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर. ते बहुतेक दारांत 92 मिलिमीटर असतं. आणि वरच्या स्क्रूपासून खालच्या स्क्रूपर्यंतचं अंतर; ते बऱ्याचदा 122 किंवा 215 मिलिमीटर असतं. दांडा सहसा 8 मिलिमीटरचा चौकोनी.

सिलिंडर बदलणं त्याहून सोपं. झडपेच्या कडेत, किल्लीच्या उंचीवर एक लांब स्क्रू असतो, तो काढा. किल्ली घालून किंचित फिरवा, आतली जीभ सिलिंडरच्या अंगात येते आणि सिलिंडर अलगद बाहेर सरकतो. माप स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं घ्यायचं, कारण आतली आणि बाहेरची बाजू सारखी असेलच असं नाही. बाहेर तो हँडलच्या पत्र्यापुढे तीन मिलिमीटरहून जास्त येऊ नये. पुढे आलेला सिलिंडर पकडीत धरून मोडणं ही ब्रिटनमधल्या चोरांची जुनी रीत आहे. त्याला टिकणाऱ्या सिलिंडरवर ‘टीएस 007’ या मानकाचे तीन तारे असतात.

राहिली ती पट्टीच्या मधली पेटी, म्हणजे गिअरबॉक्स. हँडल नुसतंच फिरतं, किंवा उचललं जातं पण आकडे हलत नाहीत, तेव्हा पेटीतला ओतीव धातूचा तुकडा तुटलेला असतो. तो तुटतो तो बहुधा जोराने हँडल उचलल्यामुळे, आणि जोर लावावा लागतो तो झडप झुकल्यामुळे. म्हणून पेटी बदलून झडप तशीच ठेवली तर नवी पेटीही त्याच वाटेने जाते. बऱ्याच पट्ट्यांत पेटी दोन-तीन स्क्रूंवर वेगळी निघते. मापं अशी: दांड्याच्या मध्यापासून पट्टीच्या दर्शनी कडेपर्यंतचं अंतर, जे बहुधा 35 मिलिमीटर, कधी 28 किंवा 45, वर सांगितलेलं 92, आणि पट्टीची रुंदी, 16 किंवा 20. पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. विंकहाउस, जीयू, रोटो ही जर्मन नावं, माको ऑस्ट्रियातलं.

पेटी कुरकुरायला लागली की लगेच बदला. दार बंद असताना ती तुटली तर कुलूपवाल्याला बोलवावंच लागतं. वर्षातून एकदा आकड्यांना आणि खुंट्यांना हलकं तेल, सिलिंडरमध्ये मात्र फक्त ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा स्प्रे. तेलात धूळ चिकटून तिथे लगदा होतो.

लाकडी दार आणि धुरकट काच

लाकडी फ्रेंच दारात दोष बहुधा ओलाव्याचा. ओल्या महिन्यांत झडप फुगून घासते, सुतार रंधा मारून देतो आणि कोरड्या उन्हाळ्यात नेमकी तिथे फट पडते. रंध्याआधी झडपेची वरची आणि खालची कड पाहा. तिथे रंग लावायचा राहिलेला असतो आणि पाणी तिथूनच लाकडात शिरतं. फटीसाठी पितळेची किंवा कांस्याची पातळ स्प्रिंगसारखी पट्टी चौकटीला बारीक खिळ्यांनी ठोकतात. ती झडपेच्या फुगण्या-आकसण्याबरोबर दबते आणि उघडते. संरक्षित यादीतल्या इमारतीत असे बदल करण्याआधी स्थानिक प्रशासनाला विचारावं.

दुहेरी काचेच्या आत धुकं दिसत असेल तर तिच्या कडेचं सील गेलं आहे आणि आतल्या ओलावा शोषणाऱ्या भुकटीची क्षमता संपली आहे. त्यासाठी दार बदलायची गरज नाही. तेवढ्याच मापाची आणि जाडीची नवी काच मागवून जुन्या चौकटीत बसवता येते.

पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत बाल्कनीला हल्ली अशीच यूपीव्हीसीची दारं बसतात. तिथे थंडीचा प्रश्न नाही. पण रबर आखडलं की त्याच फटीतून जुलैचा पाऊस आणि मार्चची धूळ येते, आणि उंबरठ्याच्या खाचा सिमेंटने बुजल्या तर पाणी खोलीत येतं. काम तेच, क्रमही तोच.

किती बंद करायचं, आणि कधी

फटी बुजल्या की काही घरांत सकाळी काचेवर पाणी दिसू लागतं. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे यांची वाफ आधी फटींतून निघून जायची, ती आता अडकते. म्हणून चौकटीच्या वरच्या अंगाला असलेल्या हवेच्या जाळ्या उघड्या ठेवाव्यात. हवा यावी ती आपण ठरवलेल्या जागेतून, हा या सगळ्या खटाटोपाचा अर्थ.

अख्खं दार बदलायची वेळही येते: चौकट भिंतीतच पिळली असेल, कोपऱ्यांचे जोड उकलले असतील किंवा भाग कुठेच मिळत नसतील तेव्हा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2002 पासून नवं दार बांधकाम नियमांखाली येतं आणि फेन्साचं किंवा तशा दुसऱ्या अधिकृत योजनेचं प्रमाणपत्र, नाहीतर स्थानिक प्रशासनाची मंजुरी लागते. घर विकताना ते कागद मागितले जातात. रबर, बिजागरी, हँडल किंवा पेटी बदलायला यातलं काही लागत नाही.

या कामाला हंगाम आहे. यूपीव्हीसी प्रत्येक अंशाला मीटरमागे साधारण 0.07 मिलिमीटर वाढतं. आतल्या पोलादी पट्टीचा आवर सोडून दिला तर 2.1 मीटरची झडप 30 अंशांच्या फरकाने चार मिलिमीटरच्या वर वाढेल. ऑगस्टच्या दुपारी उन्हात तापलेलं दार नीट बसवलं तर जानेवारीत ते सैल निघतं. ब्रिटनमधली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात. त्याच्या आसपासचा एखादा कोरडा, थंड दिवस पाहावा. आधी झाडू, मग अ‍ॅलन की, मग कागदाची पट्टी, आणि खरेदीची यादी सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलं तर यादीत बहुतेक वेळा काही मीटर रबर आणि एखादी प्लॅस्टिकची टोपी एवढंच उरतं.